कुंडीतला गांजा आणि पित्ताच्या गोळ्या

गेल्या वर्षी श्रावण लागायच्या सुमाराची गोष्ट. दवाखान्यात तापाच्या पेशंटची रांग लागली होती आणि त्या रांगेत एक ओळखीचे जोडपे बसले होते. दोघांनाही ताप नव्हता. हातात एक कापडी पिशवी होती. गावाकडे चाळीस-पन्नास हापूसची कलमे, घरचे भात आणि एकुलता मुलगा शिकायला कॅनडात, अशी ही मंडळी. (हे सारे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलल्या आहेत.)

वहिनींनी पिशवी टेबलावर रिकामी केली. कोकमाचे आगळ, मेतकूट, सुंठीची पूड, पित्ताच्या गोळ्यांची दोन पाकिटे. शेजारच्यांचा जावई टोरंटोला चालला होता, त्याच्याबरोबर हे पाठवायचे होते. मुलाला गेले वर्षभर पित्ताचा भयंकर त्रास, सकाळी उठल्यापासून उलट्या. "यातलं काय द्यावं, किती द्यावं, ते चिठ्ठीवर लिहून द्या," असे त्यांचे म्हणणे.

या सगळ्याच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहान बाटली होती. मी कागद सोडला. कोकणातल्या बागायतदाराला त्या बाटलीचा वास नुसता आला तरी ओळखू येईल. कल्टार होते.

"भाऊ, हे कुणाला? मुलाला की आंब्याला?"

भाऊ जरा घुटमळले. मग म्हणाले, मुलाने खोलीत दोन झाडे लावली आहेत, कुंडीत. दिव्याखाली. ती फार उंच गेली, पार दिव्याला टेकली, आणि खालची पाने पिवळी पडताहेत. त्याने फोनवर फोटो पाठवून विचारले, बाबा काय करू? "मी म्हटलं, वाढ थांबवायची तर कल्टारसारखं दुसरं काही नाही. चार थेंब आळ्यात सोडले की झालं."

"झाड कसलं?"

"टोमॅटो," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी खाली बघितले. "टोमॅटो नाही. गांजा आहे. तिकडे कायद्यानं चालतो म्हणे."

बाहेर रांग खोळंबली होती, पण त्या दोघांना मी अर्धा तास बसवून घेतले. वहिनींना आधी पाणी दिले. आज वर्षभराने हे लिहायचे कारण असे, की आपल्या जिल्ह्यातून बाहेर गेलेली मुले आता घरोघरी आहेत आणि असले फोन एकट्या भाऊंनाच येत असतील, असे मला वाटत नाही.

प्रथम एक गोष्ट कबूल करतो. झाडापुरते बोलायचे तर भाऊंचे निदान अगदी बरोबर होते. उजेड कमी पडला की कुठलेही रोप उंच आणि लुकडे होते. अंधाऱ्या पडवीत ठेवलेली तुळस बघा, उजेड शोधत नुसती लांबत जाते, खोडात दम नसतो. दिवा लांब टांगला किंवा कमी ताकदीचा असला की घरातल्या गांजाचे तेच होते. त्यात हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलणाऱ्या जातीतले, आपल्या गरव्या भातासारखे किंवा शेवंतीसारखे. घरात वाढवणारे लोक दिवा बारा तास चालू, बारा तास बंद ठेवून त्याला फसवतात आणि फुलायला लावतात. फुलायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ते एकदम झपाट्याने वाढते. दुप्पट झाले तरी नवल नाही. खोलीला छत असते, हे झाडाला काय ठाऊक?

या उंच जाण्यामागे झाडाच्या अंगातले जिबरेलिन नावाचे द्रव्य असते. त्याचा शोध लागला तोच मुळी भातावरून. जपानमध्ये भाताला एक रोग पडायचा, त्यात रोपे इतरांपेक्षा उंच, फिकट, वांझ होऊन लोळायची. शेतकरी त्यांना 'वेडी रोपे' म्हणत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की एक बुरशी काही द्रव्य सोडते आणि त्याने हे होते. कल्टारमधले पॅक्लोब्युट्राझॉल नेमके उलटे काम करते. ते झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. पालवी थांबते, झाडाची ताकद मोहोराकडे वळते. म्हणून तर आपण जुलै-ऑगस्टात हापूसच्या आळ्यात ते ओततो. भाऊंनी मुलाला जे सांगितले ते बागेतल्या अनुभवाने सांगितले. त्यात वेडेपणा नव्हता.

पण आंबा आपण खातो. गांजा जाळून ओढतात. इथे सगळा हिशेब बदलतो.

ऑगस्टमध्ये आळ्यात घातलेले औषध आणि मार्च-एप्रिल-मे मध्ये काढलेले फळ, यांच्यात सात-आठ महिने जातात. ते झाड दहा-पंधरा वर्षांचे, जमिनीत पसरलेले. फळाची साल आपण टाकून देतो. फळात औषधाचा किती अंश चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या असतात, त्या खाण्याच्या हिशेबाने. पोटात गेलेली वस्तू आतड्यातून यकृतात जाते, तिथे तिची बरीचशी विल्हेवाट लागते, मग उरलेली अंगभर जाते. धुराला यकृताचा हा पहिला पहारा नाही. फुप्फुसातून थेट रक्तात, आणि काही सेकंदांत मेंदूत. शिवाय मधे विस्तव असतो. जळताना एका रसायनाची दुसरी रसायने होतात. कुंडीतले झाड तर फुलायला लागल्यापासून आठ-दहा आठवड्यांत काढतात, आणि ओढतात ते नेमके फूलच.

हे मी भीती घालायला सांगत नाही, घडलेल्या गोष्टी आहेत. झाडे ठेंगणी ठेवण्यासाठी डॅमिनोझाइड नावाचे आणखी एक औषध अमेरिकेत सफरचंदावर मारत. ते तापवले की त्यातून कर्करोगाचा संशय असलेले द्रव्य निघते असे दिसल्यावर १९८९ साली खाण्याच्या पिकांवरून ते मागे घेण्यात आले. फुलझाडांना अजून वापरतात, कारण फुले कोणी खात नाही. पुढे २०११ च्या सुमारास कॅलिफोर्नियात असे आढळले, की गांजा वाढवणाऱ्यांना 'फुलांचे टॉनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत हीच दोन औषधे, पॅक्लोब्युट्राझॉल आणि डॅमिनोझाइड, लेबलावर न लिहिता घातलेली होती. तिथल्या कृषी खात्याने त्यांची विक्री थांबवली. म्हणजे भाऊंनी बाटली पाठवली नसती, तरी मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून 'टॉनिक' आणून अजाणता तेच केले असते, अशी शक्यता होती.

आपल्या सांगली-नाशिकच्या द्राक्षवाल्यांना भुरीवरचे मायक्लोब्युटॅनिल माहीत असेल. कॅनडात २०१६-१७ साली सरकारी परवाना असलेल्या गांजा उत्पादकांच्या मालात ते सापडले आणि माल परत बोलवावा लागला. हे द्रव्य तापले की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. द्राक्षाला हे लागू नाही, कारण द्राक्ष कोणी पेटवत नाही. त्यानंतर तिथे दुकानात येणाऱ्या मालाची कीटकनाशकांसाठी तपासणी सक्तीची झाली. घरच्या कुंडीतल्या झाडाची तपासणी मात्र कोणीच करत नाही, आणि 'घरचे म्हणजे शुद्ध' ही समजूत आपल्याइतकीच तिकडेही घट्ट आहे.

भाऊंना मी एवढेच म्हटले, की वाढ आवरायला शेंडा खुडता येतो, फांदी वाकवून दोरीने बांधता येते, दिव्याचे अंतर बरोबर ठेवता येते. त्यात ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाण्यासारखे काही नसते. ते बागायतदार, त्यांना लगेच पटले. बाटली त्यांनी खिशात टाकली.

आता पिवळ्या पानांबद्दल. इथे मात्र मला माझे पेशंट आठवले. मूल जरा फिकट दिसले की आई म्हणते, डॉक्टर, टॉनिक द्या. पण फिकटपणाची कारणे दहा. लोह कमी असेल, जंत असतील, आणि थॅलेसेमियासारखा रक्ताचा जन्मजात दोष असेल तर लोहाचे टॉनिक पाजत राहणे उलट अपाय करते. झाडाचेही तसेच. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर बहुधा मॅग्नेशियम, आणि टोके करपून वळली तर खत कमी नव्हे, जास्त झालेले. पुष्कळदा कुंडीत सगळे अन्न हजर असते, पण पाण्याचा आम्लपणा बिघडल्याने मुळांना ते उचलता येत नाही. हौशी माणूस मात्र पिवळे पान दिसले की आणखी एक बाटली ओततो. क्षार साचतात, मुळे भाजतात, झाड आणखी पिवळे होते, मग आणखी बाटली. भाऊंच्या मुलाकडे खोलीत सात प्रकारच्या बाटल्या होत्या. हा आकडा त्यानेच मला नंतर सांगितला. फुले काढायच्या वेळेला खालची पाने पिकून पिवळी होणे तर झाडाच्या वयाला धरूनच असते, जसे आपले केस. त्यावर औषध कशाला?

यात आरोग्याचा एक धागा आहे. हे झाड जमिनीतले जड धातू भराभर शोषून घेते. शिसे, कॅडमियम असे. त्याच गुणामुळे दूषित जमीन साफ करायला त्याच्या जातभाईंचा उपयोग करून पाहतात. स्वस्त, भेसळीच्या खतांबरोबर हे धातू कुंडीत येतात. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत केवळ गांजा ओढणाऱ्यांच्या रक्तात व लघवीत शिसे आणि कॅडमियम इतरांपेक्षा जास्त आढळले. सिगारेटविषयी हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. हिरव्या पानावर विश्वास जरा लवकर बसतो, एवढाच फरक.

हे सगळे बोलून झाले तरी वहिनी गप्प होत्या. झाडाचे काय व्हायचे ते होवो, त्यांना पोराच्या उलट्यांची काळजी. मी त्यांना नेहमीचे प्रश्न विचारले. जेवण कसे, जागरण किती, वजन उतरले का. वजन उतरले होते, आठ-नऊ किलो. एंडोस्कोपी तिकडे झाली होती, त्यात काही निघाले नव्हते. मग त्या सहज बोलल्या, "आणि एक खूळ लागलंय त्याला. दिवसातून चार-चार वेळा कढत पाण्यानं अंघोळ करतो. तासभर उभा राहतो शॉवरखाली. खोलीतली पोरं भांडतात गरम पाण्यावरून. म्हणतो, तेवढं केलं की मळमळ थांबते."

माझ्या पस्तीस वर्षांच्या दवाखान्यात हा आजार मी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, वाचलेला होता. दीर्घकाळ, जवळजवळ रोज गांजा ओढणाऱ्या काही माणसांना पाळीपाळीने अनावर उलट्यांचे झटके येतात, पोटात कळा येतात, आणि कढत पाण्याच्या अंघोळीनेच तेवढा आराम पडतो. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशा पेशंटांची पहिली नोंद केली. गरम पाण्याची ही सवय इतकी ठळक, की ती ऐकली की निदान निम्मे झाले. उष्णता ओळखणारे जे स्पर्शबिंदू त्वचेत असतात, तेच मिरचीच्या तिखटालाही ओळखतात, म्हणून पोटावर मिरचीच्या अर्काचे मलम चोळूनही काहींना उतार पडतो. नेहमीच्या उलटीच्या गोळ्या पुष्कळदा दाद देत नाहीत. पित्ताच्या गोळ्यांचा तर संबंधच नाही. वारंवार उलट्या होऊन अंगातले पाणी आणि पोटॅशियम उतरते, मूत्रपिंडाला धक्का बसतो, आणि मग ते जिवावर बेतते. उपाय एकच. गांजा पूर्ण बंद.

संध्याकाळी मी मुलाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. पोर चांगले, नम्र. लहानपणी माझ्याकडेच लशी टोचून घेतलेले. आधी त्याने टाळाटाळ केली, मग मोकळेपणाने सांगितले. तीन वर्षे रोज. सुरुवातीला शनिवार-रविवार, मग झोपेसाठी, मग परीक्षेच्या ताणासाठी. दुकानातला माल महाग म्हणून घरी झाडे लावली. आणि मग जे म्हणाला, ते ऐकून मला वाईट वाटले. "डॉक्टरकाका, उलटी थांबावी म्हणूनच तर मी ओढतो. गांजा उलटीवर औषध आहे ना?"

आहे. हीच तर फसगत आहे. गांजातल्या टीएचसीची कृत्रिम गोळी कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. थोड्या मात्रेत, थोडे दिवस, ते मळमळ दाबते. वर्षानुवर्षे, मोठ्या मात्रेत घेतले की काही माणसांच्या शरीरात तेच उलटते. मळमळ झाली की पोर झुरका घेत होते आणि झुरक्याने पुढची मळमळ पेरत होते. झाडालाही तो तसेच करत होता, पान पिवळे झाले की आणखी खत.

त्याने तिकडच्या डॉक्टरांना गांजाचे सांगितले होते का? नव्हते. "त्यांनी विचारलं नाही." कायद्याने मोकळीक असलेल्या देशात, विद्यापीठाचा विमा असताना, त्याच्यावर कसलाही दोष येणार नव्हता, तरी सांगितले नाही. मग आपल्याकडच्या पोरांनी डॉक्टरला कसे सांगावे?

इथे मला थोडे आपल्या लोकांशी वाद घालायचा आहे. गांजाचा विषय निघाला की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, अहो, आपल्याकडे साधू-बैरागी हजारो वर्षे ओढतात, महाशिवरात्रीला भांग चालते, यात नवीन काय? दुसरे म्हणतात, एक झुरका घेतला की पोरगा कामातून गेला. दोघांचेही मला पटत नाही.

इंग्रज सरकारने १८९३-९४ साली याच प्रश्नावर मोठा आयोग नेमला होता. देशभरातल्या शेकडो लोकांच्या साक्षी काढून त्याने सात खंडांचा अहवाल दिला आणि निष्कर्ष काढला, की बेताचा वापर करणाऱ्याला विशेष अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक. बैराग्यांचे समर्थक याचा हवाला देतात. पण त्याच अहवालात बंगालमधल्या नवगाव भागातल्या गांजाच्या शेतीचे वर्णन आहे. तिथे एक जाणकार माणूस, पोद्दार, शेतात फिरून नर झाडे उपटून टाकायचा, म्हणजे मादी फुलांना बी धरत नाही आणि राळ वाढते. त्या माणसाला साहेब लोक 'गांजा डॉक्टर' म्हणत. (माझ्याआधी ही पदवी कोणाला तरी मिळून गेली आहे, हे वाचून बरे वाटले.) त्याची ती युक्ती आज दिव्याखालच्या बंद खोलीत टोकाला नेली आहे. नुसत्या मादीच्या कलमांची लागवड, हवा तेवढा उजेड, निवडून निवडून काढलेले वाण. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ च्या सुमारास टीएचसी सरासरी चार टक्के होते, २०२१ पर्यंत ते पंधरा टक्क्यांच्या घरात गेले. त्याच झाडात सीबीडी नावाचे दुसरे द्रव्य असते. ते टीएचसीची धार काहीशी बोथट करते असे मानतात, आणि ते मात्र घटले. नाव एकच, चिलीमही तशीच, पण मालाची ताकद वेगळी. ताडी आणि बिनपाण्याची दारू यांना एका मापाने मोजण्यासारखे झाले.

या ताकदीचा परिणाम डोक्यावर होतो. युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी केलेला एक अभ्यास २०१९ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. दहा टक्क्यांवर टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत वेडसरपणाचा, म्हणजे भास होणे, संशयाने पछाडणे अशा आजाराचा संभव कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा जवळजवळ पाचपट आढळला. याचा अर्थ ओढणारा प्रत्येकजण वेडा होतो असा नाही. बहुतेक होत नाहीत. पण कोणाला होणार हे आधी ओळखता येत नाही, आणि घरात कोणाला असा आजार असेल, किंवा मुलगा विशीच्या आत-बाहेर असेल, तर धोका जास्त. मी ज्या दोन घरांत हे पाहिले आहे, त्या घरांना टक्केवारी सांगून उपयोग नाही.

बंद खोलीचेही दोन शब्द. उबदार, दमट, झाडे दाटीने, त्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी लागलेला गांजा ओढून अस्थिमज्जेचे रोपण झालेला एक रुग्ण दगावल्याची नोंद १९८८ सालची आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गांजाच्या कारखान्यात वाळलेली फुले दळण्याच्या खोलीत काम करणारी एक तरुण कामगार दम्याच्या झटक्याने गेली. दमा असलेल्याने त्या खोलीत झोपूही नये. भाऊंचा मुलगा झाडांच्याच खोलीत झोपत होता.

कायद्याचे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण इथल्या पोरांच्या डोक्यात तिकडचे चित्रपट असतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. ओंटारिओत एका घरात चार झाडे चालतात, माणशी नव्हे, घरटी चार. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय एक झाड लावणेही गुन्हा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुंडी गच्चीत आहे की कपाटात, याने काही फरक पडत नाही. तिकडून येताना 'थोडासाच' खिशात घालून आणणाऱ्यांना मुंबई विमानतळावर काय होते, ते वर्तमानपत्रात येतेच. पण याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे. ज्याला व्यसन जडले आहे आणि जो आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, त्याला सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या खटल्यातून संरक्षण मिळते. हे कलम पुष्कळ आईबापांना माहीत नसते. ते पोराला भोंदूकडे नेतात, डॉक्टरकडे आणत नाहीत, पोलीस येतील म्हणून. डॉक्टर पोलीस नव्हे. तुमच्या मुलाने काय ओढले हे मला कळले, तर पोटाच्या दुखण्यावर मी चुकीचे औषध देणार नाही, याहून जास्त मला त्यात रस नाही. फोनवर बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

आणि आईबापांनो, मुलाने कबूल केले की फोनवर आरडाओरडा करू नका. भाऊंच्या मुलाने बापाला झाडाचा फोटो पाठवला, तो बाप झाडाला नावे ठेवणार नाही या विश्वासाने. त्या विश्वासामुळेच पुढचे कळले. वहिनींनी पहिले आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. मी त्यांना म्हटले, रागवा, पण फोन उचला. रोजचा गांजा एकदम बंद केला की आठ-पंधरा दिवस झोप लागत नाही, चिडचिड होते, घाम येतो, अन्न जात नाही. माणूस अशा वेळीच पुन्हा ओढतो, आणि नेमक्या अशा वेळी घरचे अबोला धरून बसतात.

त्या आठवड्यात मुलगा तिकडे इस्पितळात गेला आणि गांजाचे सांगितले. पोटॅशियम बरेच उतरलेले निघाले, दोन दिवस सलाइन लावले. घरी येऊन त्याने ओढणे थांबवले. सुमारे दोन आठवड्यांनी उलट्या थांबल्या. दिवाळीपर्यंत चार किलो वजन भरले. नाताळच्या सुट्टीत मित्रांबरोबर पुन्हा तीन-चार दिवस ओढला, जानेवारीत पुन्हा सकाळची मळमळ आणि पुन्हा गरम पाणी. त्याने स्वतः मला फोन केला, हे मला चांगले लक्षण वाटते. तेव्हापासून बंद आहे, असे तो म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि महिन्यातून एकदा वजन विचारतो.

झाडे त्याने ऑगस्टमध्येच कापून टाकली. कुंड्या आणि दिवा ठेवला होता. भाऊंनी त्याला मिरचीचे बी पाठवले आहे. परवा ते तपासायला आले तेव्हा फोनमधला फोटो दाखवला. रोपे पुन्हा उंच गेली होती. "दिवा खाली घे म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात : भातलावणी आणि लेप्टो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरण्याआधी वाचा.